काकांचा पाईप आणि माझा उपद्व्याप

रविवार, रात्र

काकांचा पाईप मोडला. म्हणजे मी मोडला. पडला वगैरे नाही, कुणाचा धक्काही लागला नाही, साफ करून ठेवू म्हणून चांगल्या मनाने हातात घेतला आणि कट्ट.

काकांनी तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली पण पाईप काही सुटला नाही. शब्दकोडं सोडवताना रिकामाच दातात धरतात आणि अडलं की फुस्स फुस्स करून नुसती हवा ओढतात, त्या आवाजावरून घरात सगळ्यांना कळतं की आता मध्ये बोलायचं नाही. चार दिवस बाहेरगावी गेलेत, पाईप विसरून गेले, म्हणून मला ही दुर्बुद्धी सुचली.

झालं असं की तोंडात धरायची काळी नळी, म्हणजे स्टेम, लाकडी दांडीत घट्ट बसली होती. स्टेमच्या टोकाला एक बारीक खुंटी असते, टेनन म्हणतात तिला, ती दांडीतल्या भोकात जाते. आत वर्षानुवर्षांचा तंबाखूचा चिकटा वाळून दगड झालेला. अशा वेळी दांडी जवळून धरून स्टेम सरळ रेषेत हळूहळू पिळत बाहेर काढायची असते, हे मला आत्ता माहीत आहे. मी वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा गोल भाग, मुठीत धरली आणि स्टेम हलणाऱ्या दातासारखी डावी-उजवी हलवली. खुंटी तुटून आतच राहिली.

ती बाहेर काढण्यात संध्याकाळ गेली. पाईप पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला, कारण इबोनाइट, म्हणजे स्टेमचं कडक रबर, थंडीने लाकडापेक्षा जास्त आक्रसतं, मग तुकड्याच्या भोकात एक बारीक स्क्रू जेमतेम दोन आटे फिरवला आणि ओढला. आली बाहेर, अख्खी! काकूने मधेच फ्रीजर उघडला, पिशवीकडे बघितलं, बंद केला. "मी काही बघितलेलं नाही" एवढंच म्हणाली.

सोमवार

आज घाई केली. ड्रॉवरमध्ये सुपरग्लू होताच, एक थेंब लावला, दाबून धरलं, मिनिटभरात जोड पक्का. इतका बेमालूम की मी दोन वेळा भिंग घेऊन बघितलं आणि स्वतःवर खूश झालो. हा गोंद 1942 साली हॅरी कूव्हर नावाच्या केमिस्टला बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडला होता आणि तेव्हा त्याने तो नाकारला, कारण हात लावाल तिथे चिकटत होता. (माझी दोन बोटंही चिकटली, त्यामुळे कूव्हरबद्दल सहानुभूती वाटली.)

मग काका धरतात तसा दातात धरून बघितला. पाच मिनिटं टिकला. वाटीच्या वजनाने स्टेम जरा वाकली आणि त्याच जागी पुन्हा कट्ट.

नंतर गणित केलं तेव्हा लक्षात आलं की हे होणारच होतं. खुंटी 7 मिमी जाड, मधलं भोक साडेतीन, म्हणजे गोंदाला धरायला मिळाली जेमतेम 29 चौरस मिमीची एक बांगडी आणि तिच्यावर आठ सेंटिमीटर लांब स्टेमची तरफ. सुपरग्लू सरळ ओढलं तर दाद देत नाही पण वाकवलं की काचेसारखा तडकतो. शिवाय मी चिकटा नीट पुसलाच नव्हता, आणि तेलकट जागेवर कुठलाच गोंद काम करत नाही. वर सांध्याभोवती पांढरट वाफ बसली ती वेगळीच.

बुधवार

काल काहीच केलं नाही, फक्त विचार केला. खरा प्रश्न गोंद कुठला हा नाहीच, या पाईपमध्ये पुन्हा विस्तव पडणार का हा आहे. पडणार असता तर मी गोंदाच्या भानगडीत पडलोच नसतो, नवीन स्टेम बसवून घेतली असती, कारण साधा इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद, साठ-सत्तर डिग्रीला मऊ पडायला लागतो आणि तापलेल्या गोंदावरून आलेला धूर कुणाच्या फुप्फुसात जावा असं मला वाटत नाही. पण इथे विस्तव नाही, फक्त दात आणि कोडं. मग चालेल.

तर आज नीट केलं. आधी जुना गोंद ब्लेडने खरवडला, दोन्ही तोंडं सँडपेपरने ओल्या हाताने घासली (इबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, घासलं की लगेच वास येतो), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेले पाईप क्लीनर, म्हणजे लव असलेल्या बारीक तारा, दांडीतून फिरवले, पहिला काळाकुट्ट, सातवा जरा पिवळा, अकराव्यानंतर मी मोजणं सोडलं. आतून आधार हवा म्हणून बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरच्या अँटेनाची सगळ्यात बारीक नळी सव्वा सेंटिमीटर कापली. साडेतीनच्या भोकात अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केली होती. तिच्या कडा कानशीने मोडल्या, बाहेरून खरवडून घेतली, म्हणजे गोंद पकडेल.

दोन ट्यूबवाला इपॉक्सी समसमान घेऊन टूथपिकने पूर्ण मिनिटभर ढवळला. लावायच्या आधी व्हॅसलीन चोपडलेला पाईप क्लीनर आरपार घालून ठेवला, नाहीतर गोंद आत उतरून वाटच बंद. पाच मिनिटांत धरतो असं पॅकवर लिहिलेलं असलं तरी पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात. मी हातच लावणार नाही.

शुक्रवार

काका आले. पाईप जागेवर होता, सांधा दांडीच्या आत गेल्यामुळे बाहेरून काहीही दिसत नव्हतं, वाकवून बघितलं तरी ढिम्म. दुपारी कोडं घेऊन बसले, पाईप दातात धरला, आणि मी पेपर उलटा धरून ऐकत बसलो.

फुस्स आलंच नाही. शीऽऽ असा बारीक आवाज आला.

पुन्हा ओढलं. पुन्हा शीऽऽ. अर्थात, नळीच्या भिंतीची जाडी मी हिशोबात धरलीच नव्हती, साडेतीनचं भोक आतून अडीच झालं म्हणजे हवेला वाट उरली निम्मी. काकांनी पाईप काढला, स्टेम सरळ पिळून अलगद सोडवली (अशी!), उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आत बघितलं.

"आत काहीतरी चकाकतंय."

सगळं सांगितलं. फ्रीजर, स्क्रू, सुपरग्लू, 29 चौरस मिमी, सगळं. शांतपणे ऐकलं, दोनदा परत ओढून बघितलं, ओरडले नाहीत.

मग म्हणाले, "अँटेना कुठल्या रेडिओची?"