एका जपमाळेत दीड किलोमीटर

शेजारच्या काकू दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. मी जुन्या गोव्याला चालत निघणार म्हटल्यावर त्यांनी तीन वस्तू हातात ठेवल्या. सुई, पांढरा दोरा आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली. "फोड आला तर कातडी सोलायची नाही, दोरा ओवून तसाच ठेवायचा. आणि जोडीनं चाल गं. एकटं चाललं की नुसते पायच आठवतात."

जोडी हीच माझी अडचण होती. हे गेल्यापासून चार वर्षं मी रविवारी मिस्साला उशिरा पोचायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत फाटकाबाहेर पडलेली असायचे. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की डावीकडे एकदा हात जोडायचे. झाली आमची ख्रिस्ती संगत! डावीकडे कायम एकच बाई असायच्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. आवाज खणखणीत, आणि प्रत्येक उत्तर सगळ्यांच्या अर्धा शब्द आधी. फादर "प्रभू" म्हणेपर्यंत ताईंचं वाक्य संपत आलेलं असायचं. मला त्याचा इतका त्रास व्हायचा की दोनदा बाक बदलून पाहिला. ताई शोधत आल्या आणि पुन्हा डावीकडेच बसल्या. पदयात्रेच्या यादीत माझं नाव मला न विचारता घालणाऱ्याही त्याच.

सावंतवाडीला एसटीतून उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. आम्ही चौतीस जण. संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि सण ३ डिसेंबरला असतो. आम्ही मधले तीन दिवस धरले होते, गुरुवार ते शनिवार. बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी असा रस्ता, साठेक किलोमीटर. वारी म्हटलं की डोळ्यांपुढे टाळ, पताका आणि हिरवं रान येतं. आमच्या वाट्याला बराचसा हायवेच आला. ट्रक गेला की जपमाळेतल्या "नमो मरिये"चा अर्धा भाग वाऱ्यावर जायचा.

पहिल्याच सकाळी एक हिशेब लागला. एक जपमाळ म्हणजे वीस मिनिटं, म्हणजे साधारण दीड किलोमीटर. मग बांदा किती लांब, असं कुणी विचारेना. "अजून चार माळा," असं उत्तर मिळायचं.

समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेने चालत होतो. म्हणजे गाड्या डाव्या हाताला. ताई माझ्या आतल्या बाजूला असल्या तरी थोड्या वेळाने मागून वळसा घालून डावीकडे, गाड्यांच्या बाजूला यायच्या. मी दंड धरून त्यांना आत घ्यायचे, पाच मिनिटांनी त्या परत बाहेर. शुक्रवारी, पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर, मी चिडलेच. "मरायचंय का तुम्हाला?"

"अगं, डाव्या कानाला काही येत नाही मला," त्या म्हणाल्या. "लहानपणापासूनच. तू उजवीकडे असलीस की तुझं ऐकू येतं."

मी गप्प झाले. चार वर्षं ज्या आवाजाला मी मनातल्या मनात नावं ठेवत होते, तो आवाज असा होता. सगळ्यांचं एकत्र म्हणणं त्यांना नीट कळतच नव्हतं. फादरांचे ओठ हलले की त्या सुरू करायच्या.

त्याच दुपारी माझ्या उजव्या टाचेला फोड आला, सुपारीएवढा. एका आंब्याखाली बसलो. ताईंनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला, सुई काडीच्या ज्योतीवर धरली आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा भिजत गेला, पाणी निथळलं. त्यांनी दोन्ही टोकं बोटभर ठेवून दोरा कापला, वर तेलाचं बोट फिरवलं. आमच्याकडे आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुवून घ्यायला बारा जण लागतात, तेव्हा मी दरवर्षी काहीतरी कारण सांगते. पाय दाखवायची लाज, दुसरं काही नाही. इथे कारण सांगायला सवडच मिळाली नाही.

पाय मांडीवर असतानाच त्या म्हणाल्या, "तुझे मिस्टर गेले तेव्हा मी दोनदा तुझ्या दारापर्यंत आले होते. बेल नाही वाजवली. माझा आवाज हा असा. दुःखाच्या घरात हळू बोलता येत नाही मला."

मला राग होता तो याचाच. अंत्यविधीला आख्खं चर्च लोटलं होतं, "देवाची इच्छा" म्हणून गेलं, आणि महिनाभराने दार वाजवणारं कुणी उरलं नाही. दारापर्यंत येऊन परत गेलेलंही कुणी असेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

रात्री म्हापशाच्या अलीकडे एका चर्चच्या हॉलमध्ये मुक्काम होता. जेवणं झाल्यावर फादर संत फ्रान्सिस झेवियरबद्दल बोलले. चमत्कारांच्या गोष्टी मला लहानपणापासून पाठ आहेत आणि खरं सांगायचं तर त्यांनी मी कधी फारशी हलले नाही. फादरांनी वेगळंच काढलं. पॅरिसमध्ये शिकताना झेवियर, पीटर फेबर आणि इग्नेशियस एका खोलीत राहायचे. १५४० मध्ये झेवियरनी रोम सोडलं, ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. इग्नेशियसची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. सोबत्यांची पत्रं यायची, तीही फार उशिरा. त्या पत्रांवरच्या सह्या झेवियरनी कापून घेतल्या आणि त्या ते सतत जवळ बाळगायचे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले. परत या, असं इग्नेशियसनी त्यांना लिहिलं ते १५५३ मध्ये. मित्र गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर फादर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पापनिवेदन ऐकायला बसले. मी चार वर्षांनी गेले. काय बोलले ते माझ्यापाशी राहू दे. प्रायश्चित्त मात्र सांगते. "उद्या एक जपमाळ तुम्ही सांगायची. मोठ्याने. पुटपुटायचं नाही."

शनिवारी पणजी ओलांडून रायबंदरच्या बांधावर आलो. सतराव्या शतकातला हा बांध तीनेक किलोमीटर लांब आहे, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. म्हणजे दोन माळा. पहिली मी सांगितली. पहिल्या दहा मण्यांत आवाज घशातच अडकत होता. ताई डावीकडून ओरडल्या, "ऐकू येत नाही!" पोरं हसली. मग मी आवाज चढवला. ताईंचं उत्तर अर्थातच अर्धा शब्द आधी, आणि थोड्या वेळाने मागचे सगळे त्यांच्याबरोबर म्हणायला लागले.

१६०५ मध्ये अभिषेक झालेलं बॉम जीझस चर्च जांभ्या दगडाचं, बाहेरून गिलावा नसलेलं. आत इतकी गर्दी होती की झेवियरचा देह ठेवलेली उंचावरची चांदीची पेटी जेमतेम काही सेकंद दिसली आणि रांग पुढे सरकली. मला भरून वगैरे आलं नाही. पुढच्या माणसाच्या पायात पाय अडकू नये, एवढाच विचार होता. बाहेर मांडवातली मिस्सा कोंकणीत होती, निम्मी कळली. शांती द्यायची वेळ आली तेव्हा मी डावीकडे वळले, पण हात जोडायच्या आतच ताईंनी मला घट्ट धरलं. टाचेतला दोरा चपलेत कचकन ओढला गेला आणि मी ओरडले.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी. म्हणजे त्यांचा चांगला कान काचेकडे. मी उठून जागा बदलून घेतली. फोनमध्ये त्यांचा नंबर नुसता "चर्च" म्हणून होता, तो नीट करायला घेतला आणि थांबले.

"ताई, तुमचं आडनाव काय हो?"

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की झोपलेला कंडक्टर जागा झाला.