चढावर रेघ आडवी का होते? गतीचे आलेख वाचताना

सायकलने नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ चढून पलीकडे उतरलं आणि फोनमधल्या जीपीएसच्या नोंदीवरून अंतर-काळ आलेख काढला, की बहुतेक जण चक्रावतात. चढावर रेघ आडवी होत जाते, उतारावर उभी! ते बरोबरच आहे. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे. रेघ जितकी उभी, तितकी चाल जास्त. म्हणून मी आधी उभा अक्ष वाचतो: अंतर, विस्थापन (निघालेल्या जागेपासून सरळ रेषेतलं अंतर) की वेग? आडवी रेघ अंतर-काळ आलेखात थांबलेली गाडी दाखवते. वेग-काळ आलेखात तीच एकसारख्या वेगाने धावणारी असते.

नोंद सेकंदाला एक ठेवतो. निघण्याआधी अर्धा मिनिट मोकळ्या आकाशाखाली थांबतो. वर्धा रोडवर ३.१४ किमीचा डबलडेकर पूल आहे, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. त्याच्याखाली जीपीएसला आकाश नीट मिळत नाही, बिंदू उड्या मारतात. रेघ एकदम उभी दिसली तर तेवढे बिंदू सरळ वगळायचे. क्षणात शंभर मीटर कोणतीही स्कूटर जात नाही. सिग्नलवर गाडी उभी असतानाही बिंदू भटकतात आणि काही ॲप तेही अंतरात धरतात.

लगतच्या दोन बिंदूंवरून चाल काढूच नये. जागेत ५ मीटरची चूक असेल, तर १ सेकंदाच्या फरकात ती ताशी १८ किमी होते. १० सेकंदांचा फरक घेतला की ताशी १.८ किमी उरते. मी १० चाच घेतो.

वेग-काळ आलेखात खरा ऐवज रेघेखालच्या क्षेत्रफळात असतो: तेच कापलेलं अंतर. समजा, स्कूटरने ५ सेकंदांत शून्यावरून १० मी/से (ताशी ३६ किमी) वेग घेतला, २० सेकंद तोच ठेवला, ४ सेकंदांत ब्रेक लावून थांबली. त्रिकोण २५, आयत २००, दुसरा त्रिकोण २०. झाले २४५ मीटर. पुढे ६० सेकंद लाल सिग्नल. एकूण ८९ सेकंद, म्हणजे सरासरी चाल ताशी जेमतेम १० किमी. काट्यावर ३६ दिसूनही बर्डीला (सीताबर्डीला) पोचायला उशीर होतो तो असा.

बर्डीहून घरी परतलं की विस्थापनाची रेघ शून्यावर येते. अंतराची रेघ मात्र कधीच खाली येत नाही. तशी दिसली, तर अक्षावरचं नाव चुकलंय.