हात वर न करणारी मुलगी

लेकीच्या प्राथमिक शाळेत पालकांना बाईंशी बोलायला दहा मिनिटं मिळायची. इवलुशा खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही दोघं बसायचो. रिसेप्शनपासून, म्हणजे बालवर्गापासून, इयर सिक्सपर्यंत बाई बदलल्या, वाक्य बदललं नाही. 'फार गुणी मुलगी आहे, अभ्यासाची काळजीच नाही, फक्त वर्गात तिचा आवाज जरा ऐकू आला पाहिजे.' नवरा दर वेळी मान डोलवायचा. मी डोलवायची नाही. मी सांगलीत शाळेत असताना सहामाहीनंतर एका बाईंनी मला विचारलं होतं, 'तू याच वर्गातली का गं?' त्यामुळे हे वाक्य मला आतून ओळखीचं होतं.

लंडनच्या या वायव्य कोपऱ्यात, हॅरोच्या आसपास, मूल चौथीच्या वयाचं झालं की घराघरांत 'इलेव्हन प्लस' सुरू होतं, म्हणजे अकराव्या वर्षी नव्या शाळेत जायच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. ग्रामर शाळा सरकारी आणि फुकट, पण परीक्षा घेऊनच मुलं घेणाऱ्या. खासगी शाळाही परीक्षा घेतात आणि वर फी घेतात. इंग्लंडमध्ये खासगी शाळेत जाणारी मुलं शेकडा सात धरा, पण आमच्या ओळखीपाळखीत बसलात तर वाटेल शंभरातली नव्वद तिथेच जातात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत हळूच विचारणा होते, 'कुठं कुठं भरलंय?' आणि उत्तर कायम, 'छे, आम्ही अजून काही ठरवलंच नाही.' हे म्हणणाऱ्या बाईंचा मुलगा दोन वर्षांपासून दर शनिवारी ट्यूशनला जात असतो. उकडीच्या मोदकाची कृती मिळेल, ट्यूटरचा फोन नंबर मिळणार नाही.

आम्हीही काही संत नाही. इयर फाइव्हमध्ये एक शिकवणी लावलीच. ते सर पहिल्याच महिन्यात म्हणाले, 'हिला गणित शिकवायची गरज नाही, हिला घाई शिकवायला हवी.' नेमकं दुखणं हेच होतं. बऱ्याच शाळा जी सामायिक परीक्षा घेतात ती संगणकावर असते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जास्त अवघड येतो, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. वर्षातून एकदाच देता येते, निकाल सगळ्या शाळांना एकच जातो. माझी मुलगी गणित सोडवते, मग उलटं करून पाहते, मग तिसऱ्या रीतीने ताडून पाहते. तिला मागे जाता येणार नाही हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, 'मग चूक झाली तर ती तशीच राहणार?' तिच्या दृष्टीने हा अन्याय होता. माझ्याही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही शाळा पाहत फिरलो. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता: जीसीएसईत, म्हणजे इथल्या दहावीत, नऊ ही सगळ्यात वरची ग्रेड किती मुलांना, ऑक्सफर्ड-केंब्रिजला किती, घरापासून किती मिनिटं. तक्त्याचा मला लवकरच कंटाळा आला. चाळणी लावून घेतलेल्या मुलांना चांगले मार्क पडले, यात शाळेचं कर्तृत्व किती आणि चाळणीचं किती? शिवाय ओपन डेला शाळा दाखवायला ज्या मुली उभ्या केलेल्या असतात त्या सगळ्या बोलक्या. हसऱ्या, हजरजबाबी, 'मी वादविवादातही आहे आणि रोइंगही करते' अशा. त्यांना बघून शाळा चांगली आहे हे कळतं, पण माझ्या मुलीचं तिथे काय होईल हे कळत नाही.

म्हणून मी एकच प्रश्न धरला आणि प्रत्येक शाळेत विचारत सुटले. जेवणाच्या सुट्टीत ज्या मुलींना बाहेर जायचं नसतं, त्या कुठे जातात?

पहिल्या शाळेतल्या गाइड मुलीला प्रश्नच कळला नाही. 'बाहेर सगळे मजा करतात,' ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. दुसऱ्या शाळेत एका शिक्षिकेने सांगितलं की लायब्ररी सुट्टीत बंद असते, कारण मुलींनी एकत्र मिसळावं असं धोरण आहे. तिसऱ्या शाळेत गाइड मुलगी थबकली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, 'लायब्ररीच्या मागे एक खोली आहे. तिथे जिगसॉ असतं. कोणीही येऊन दोन तुकडे लावायचे आणि जायचं.' तिने आम्हाला नेऊन दाखवलं. एक हजार तुकड्यांचं नाहीतर जास्तीचं असेल, अर्धवट आकाश राहिलेलं. माझ्या लेकीने काही न बोलता एक निळा तुकडा बसवला. त्या दिवसापासून घरात या शाळेचं नाव 'जिगसॉवाली'. दुसरी, लायब्ररी बंद ठेवणारी, ती 'घड्याळवाली', कारण तिला घड्याळाचा मनोरा आहे. नवऱ्याच्या तक्त्यात घड्याळवाली सगळ्यात वर होती.

आता पैसे. आम्ही पाहिलेल्या शाळांची फी वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या पुढे होती, आणि मूल अकराव्या वर्षी गेलं की अठरापर्यंत सात वर्षं. दरवर्षीची वाढ सोडली तरी दोन लाखांच्या घरात. त्यात नव्या सरकारने १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के व्हॅट लावला. आमची परीक्षा झाली नोव्हेंबरअखेर आणि मुलाखत जानेवारीत, म्हणजे हा कर बरोबर मधल्या सुट्टीत आला. पुण्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, 'अगं, पण तिकडे सरकारी शाळा फुकट असते ना?' असते, आई. 'आणि वाईट असते?' नाही, आमच्या जवळची चांगली आहे, फक्त वर्गात तीस मुलं आहेत. 'आमच्या वर्गात साठ होती,' त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. त्यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही. पुण्यातला छोटा फ्लॅट विकायचा ठरला, तेव्हा त्यांनी त्यावर एक शब्दही काढला नाही.

सरकारी शाळांचा अर्ज भरायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. तो दिवस माझ्या लक्षात राहणार आहे. सकाळी नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान झालं, घरात उटण्याचा वास, मी लॅपटॉप उघडून शाळांचा पसंतीक्रम लावतेय. लेक स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयापुढे उभी. तिचा हा जुना नाद आहे. ईस्टर दरवर्षी का हलतो, ईद मागे मागे का सरकते, अधिक महिना कधी येतो, असलं तिला पाठ. म्हणाली, 'आई, यात लक्ष्मीपूजन उद्या लिहिलंय, पण ते मुंबईसाठी आहे. तिथे अमावास्या उद्या संध्याकाळी सव्वासहापर्यंत आहे, सूर्य मावळल्यावरही थोडी उरते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे पाऊण वाजलेले असतील आणि इथे सूर्य मावळतो साडेचारला. म्हणजे उद्या संध्याकाळी इथे अमावास्याच नसेल. आपलं लक्ष्मीपूजन आज आहे.'

मी कालनिर्णय पाहिलं, घड्याळ पाहिलं, साडेपाच तास वजा केले. मुलीचं बरोबर होतं. शेवटचा अर्ज सबमिट करून मी झेंडू आणायला धावले. ग्रामरचे निकाल तोवर आले होते: पास, पण क्रमांक इतका खाली की जागा मिळण्याची आशा नको.

तिचा हा कालनिर्णयाचा नाद वर्गातल्या कुणाला माहीत होता? विचारलं तर म्हणाली, 'कोणी विचारलंच नाही.'

जानेवारीतल्या मुलाखतीला एक आवडीची वस्तू आणायला सांगितली होती. तिने २०२५ चं कालनिर्णय गुंडाळी करून रबर लावून नेलं. घड्याळवालीत आधी सहा मुलींचा गट करून काहीतरी बांधायला लावलं, मग एका शिक्षकांशी गप्पा. परत येताना मेट्रोपॉलिटन लाइनवर आम्ही शेजारी बसलो. मी ठरवलं होतं, विचारायचं नाही. वेम्बली पार्क गेलं. प्रेस्टन रोड गेलं. नॉर्थविक पार्कला ती म्हणाली, 'त्यांनी कॅलेंडर पाहिलं. मी अधिक महिना सांगायला लागले की ते माझं वाक्य स्वतःच पुरं करायचे. चुकीचं पुरं करायचे, पण हसून.' मग आमचं स्टेशन आलं.

जिगसॉवालीची मुलाखत चार दिवसांनी. त्या दिवशी ती स्टेशनवर पोहोचायच्या आतच बोलली. 'त्या मॅडम थांबल्या. मी विचार करत होते तेव्हा त्यांनी चहा प्यायला. मग मी सांगितलं.' किती वेळ? 'अर्धा कप.'

फेब्रुवारीत निकाल आले. जिगसॉवालीने जागा दिली. घड्याळवालीने प्रतीक्षा यादीत ठेवलं. एरवी सरकारी शाळांचा निकाल १ मार्चला लागतो, पण २०२५ ला तो शनिवार आल्यामुळे सोमवारी, ३ तारखेला लागला. खासगी शाळांना होकार कळवायची तारीखही त्याच सुमारास, त्यामुळे त्या आठवड्यात लंडनभर आईबाप फोन उशाशी घेऊन झोपतात. आम्ही जिगसॉवालीला होकार आणि अनामत रक्कम पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी घड्याळवालीचा फोन आला की जागा निघाली आहे.

नवऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो. तक्त्यातली पहिली शाळा. अनामत बुडाली असती, पण सात वर्षांच्या खर्चापुढे ती काही मोठी नव्हती. तो रात्री अकरापर्यंत एक्सेलशी बसला. मीही डगमगले, खोटं कशाला बोलू. या मुलीला थोडं ढकलायलाच हवं, गर्दीत टाकल्यावर पोहायला येईल, असं मला अनेकांनी सांगितलं होतं आणि मधूनमधून मला ते पटतंही. मी स्वतः तशीच पोहायला शिकले. फक्त ते शिकताना किती पाणी नाकातोंडात गेलं ते मला आठवतं, इतरांना आठवत नाही.

सकाळी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. फी दोन्हीकडे सारखीच आहे हेही सांगितलं, नाहीतर तिने स्वस्त कोणती ते आधी विचारलं असतं. टोस्ट खाऊन झाल्यावर ती म्हणाली, 'ते आकाश पुरं झालं असेल का आता?' नवऱ्याने घड्याळवालीला नकाराचा मेल लिहिला. फार सभ्य भाषेत लिहिला, दोनदा वाचून पाठवला.

सप्टेंबरपासून ती जातेय. बस, मग ट्रेन, मग सात मिनिटं चाल. पहिल्या महिन्यात दोनदा रडली. एकदा हॉकी, एकदा चुकलेली बस. गणितात तिच्यापेक्षा हुशार निदान चार मुली आहेत हे कळल्यावर मात्र रडली नाही, उलट घरी येऊन त्यांतल्या एकीची रीत मला समजावून सांगितली. ऑक्टोबरमध्ये शाळेकडून पहिला छोटा अहवाल आला. वर्गात जरा जास्त बोलली तर बरं, असं त्यात लिहिलं आहेच.

२०२५ लाही कालनिर्णयात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि इथल्या हिशेबाने २० ला. या वेळी तिने मला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं. वर विचारलं, शाळेतली एक मुलगी पूजेला आली तर चालेल का. आली. आई पंजाबी, वडील वेल्श. नमस्ते म्हणाली आणि नंतर काही नाही. दोघी वरच्या खोलीत जाऊन बसल्या. तासाभराने मी चकल्यांची ताटली घेऊन गेले तर दोघी पोटावर पालथ्या पडून दोन वेगळी पुस्तकं वाचत होत्या. मी ताटली मध्ये ठेवली आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहून थोडा वेळ ऐकलं. चकल्यांचा आवाज येत होता.