जर्मनीतल्या वाचकाला कोणतं पेन दाखवायचं?

फाउंटन पेनांच्या माझ्या मराठी साइटवर वाचकाच्या देशाप्रमाणे अफिलिएट लिंक (जिच्यावरून खरेदी झाली की मला कमिशन मिळतं) बदलायचं काम दोन महिने चालू आहे, त्याची ही पुढची नोंद. बहुतेक वाचक इथलेच, पण न्यू जर्सी, लंडन, म्युनिकची मराठी मंडळीही नेमाने येतात. आजवर सगळ्यांना अ‍ॅमेझॉनच्या भारतीय दुकानातच पाठवत होतो. ते आपापल्या देशाच्या दुकानात पुन्हा शोधून घेणार, आणि तिथे माझा टॅग, म्हणजे खरेदी माझ्यामुळे झाली हे सांगणारी लिंकमधली खूण, नसणार.

आधी खाती. टॅग त्या त्या देशापुरताच चालतो. भारताचा टॅग अमेरिकेच्या लिंकला चिकटवला तर लिंक उघडते, खरेदीही होते, फक्त ती आपल्या नावावर चढत नाही. अमेरिकेचा टॅग -२० ने संपतो, भारताचा -२१ ने. पण ब्रिटन आणि जर्मनीचेही -२१ नेच संपतात, तेव्हा शेपटी बघून ओळखायला जाऊ नका. अमेरिकेत पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून जिथून वाचक खरोखर येतात तिथलंच खातं उघडा. मी या चार देशांवर थांबलोय.

साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेमागे असल्याने वाचकाचा देश दोन अक्षरांत आयता मिळतो. सुरुवातीला मी पान तयार होतानाच देश बघून लिंक घालत होतो. ते पान कॅशमध्ये जायचं, म्हणजे तयार प्रत साठवून पुढच्यांना तीच दिली जायची, आणि सकाळचा पहिला वाचक लंडनचा निघाला की मागून येणाऱ्या नाशिक-पुण्याच्या सगळ्यांना पाउंडातल्या किमती. आता पानावर सगळ्यांना एकच लिंक दिसते, देश क्लिक झाल्यावर बघितला जातो. क्लिकनंतर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारं हे रीडायरेक्ट ३०२ च, म्हणजे तात्पुरतं, ठेवा. ३०१ म्हणजे कायमचा पत्ता. ब्राउझर तो धरून ठेवतो आणि लंडनहून सुट्टीला घरी आलेल्या माणसालाही ब्रिटनच्याच दुकानात नेतो.

एवढं करूनही ब्रिटनचे वाचक आठ दिवस भारतीय दुकानात जात होते. शेवटी रात्री बसून कोणत्या देशाला कोणती लिंक याचा तक्ता ओळीओळीने वाचला तेव्हा सापडलं: मी ‘यूके’ लिहिलं होतं, क्लाउडफ्लेअर वापरतं त्या देशांच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय यादीत ब्रिटन ‘जीबी’ आहे. दोन अक्षरं बदलली आणि काम झालं. देश कळला नाही तर ‘एक्सएक्स’ येतं, टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरून आलेल्याला ‘टी१’. या दोघांना चारही दुकानांची नावं असलेलं साधं पान दाखवतो, निवड त्यांची.

खरी मेहनत मात्र वस्तू जुळवण्यात आहे. सुलेखनाच्या छापील पुस्तकांना त्रास नाही, त्यांचा एएसआयएन (दुकानातला वस्तूचा क्रमांक) बहुधा पुस्तकावरचा दहा अंकी आयएसबीएनच असतो, तो सगळीकडे चालतो. पेनांचं तसं नाही. पायलटचं जे पेन अमेरिकेत मेट्रोपॉलिटन, तेच जपानात कोकून आणि युरोपात एमआर. दिसायला एकच, पण युरोपातल्या एमआरला स्टँडर्ड इंटरनॅशनल, म्हणजे अनेक कंपन्यांच्या पेनांना चालणारं, कार्ट्रिज (शाई भरलेली नळी) लागतं, अमेरिकेतल्याला पायलटचं स्वतःचं. मी जर्मनीच्या ओळीत पेन एमआर टाकलं आणि कार्ट्रिज अमेरिकेच्या ओळीतून जसंच्या तसं उचललं. म्युनिकच्या एका वाचकाने दोन्ही मागवली आणि न बसणाऱ्या कार्ट्रिजचा फोटो पाठवला. तो फोटो बघून फार वाईट वाटलं. माझ्या शब्दावर त्याने पैसे खर्च केले होते. तेव्हापासून नाव शोधून आपोआप लिंक जुळवणं बंद. प्रत्येक देशाचं पान स्वतः उघडतो, निब कोणती, कार्ट्रिज कोणतं, सोबत कन्व्हर्टर (कार्ट्रिजच्या जागी बसणारी, बाटलीतली शाई भरायची नळी) येतो का, हे वाचतो, मगच ओळ भरतो. वेळ जातो, पण दुसरी वाट मला मान्य नाही.

लिंकच्या शब्दांत अ‍ॅमेझॉनचं नाव ठेवलंय, कारण वाचक कुठे चाललाय हे झाकणं त्यांच्या नियमात बसत नाही. कमिशन मिळतं हे लिंकच्या वरच मराठीत लिहिलंय, तळाशी बारीक अक्षरांत नाही. आणि प्रत्येक लिंकला कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण आहे, लिंकमागे पैसे आहेत हे सर्च इंजिनला सांगणारी, गूगलने २०१९ मध्ये आणलेली.

एकोणीस पेनांपैकी अकरा झाली. लॅमी सफारी लवकर उरकलं, त्याचं टी१० कार्ट्रिज सगळीकडे तेच. या रविवारी कावेको स्पोर्ट घेतोय. त्याला नेहमीचा कन्व्हर्टर लांबीला बसत नाही, त्यामुळे त्याचा छोटा कन्व्हर्टर चारही दुकानांत शोधायचा आहे.