चोवीस जणांचं एक टेबल मागू नका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न बहुतेक असा असतो: "आम्ही वीस-पंचवीस जण सिंगापूरहून क्रूझला निघालोय. आजी-आजोबा आहेत, दोन वर्षांची नात आहे, मधले सगळे आहेत. रोज रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचंय. एकच मोठं टेबल मिळेल का?"

बहुतेक जहाजांवर मिळत नाही. मुख्य जेवणाच्या दालनातली टेबलं साधारण आठ, दहा, फार तर बारा माणसांची असतात. पण बाराचं मिळत असेल तरी मी आठचीच तीन घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण तिथलं स्वयंपाकघर कसं चालतं यात आहे.

आपल्या पंगतीत शेवटच्या माणसाचा ताकभात होईपर्यंत कुणी उठत नाही. म्हणजे थांबायचं ते एकदाच, शेवटी. जहाजावरच्या मेन डायनिंग रूममध्ये ते थांबणं प्रत्येक वाढपाला होतं. जेवण तीन टप्प्यांत येतं: स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड. टेबलावरच्या सगळ्यांचं स्टार्टर संपून प्लेटा उचलल्या की मगच वेटर मुख्य पदार्थ आणतो. एका काकांचं सूप राहिलंय, तर उरलेले सगळे रिकाम्या टेबलाकडे बघत बसतात. आठ जणांचं जेवण दीड तासात आटोपतं, बाराचं दोन तासांवर जातं. लहान मुलं तेवढा वेळ बसत नाहीत, आणि मुलं उठली की आया उठतात.

म्हणून टेबलं नात्याने किंवा वयाने लावू नका, जेवण्याच्या वेगाने लावा. आजी-आजोबा आणि नातवंडं एका टेबलावर, ही सगळ्यात जास्त केली जाणारी चूक. आजोबांना सावकाश, गरम सूप पिऊन जेवायचं असतं आणि नातीला पाचव्या मिनिटाला ब्रेड हवा असतो. मुलं आणि त्यांचे आईवडील एका टेबलावर, सावकाश जेवणारे दुसऱ्यावर, कॉलेजमधली आणि नवी जोडपी तिसऱ्यावर, अशी वाटणी बरी चालते. मुलांच्या टेबलावर बसल्याबसल्या सांगायचं की मुलांचं जेवण मोठ्यांच्या स्टार्टरबरोबरच आणा. बऱ्याच जहाजांवर मुलांचा वेगळा मेनू असतो आणि हे सांगितलेलं वेटरला आवडतं, कारण त्याचंही काम सोपं होतं. रॉयल कॅरिबियनसारख्या काही क्रूझ कंपन्यांत रात्रीच्या जेवणाच्या पहिल्या, लवकरच्या पाळीला मुलांना सुमारे चाळीस मिनिटांत जेवू घालून मुलांच्या क्लबची माणसं तिथूनच घेऊन जातात, अशीही सोय असते. तुमच्या जहाजावर आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा.

तीन टेबलं मागताना "शेजारी-शेजारी" एवढंच म्हणू नका. "एकाच वेटरकडची" असं म्हणा. एक वेटर आणि त्याचा मदतनीस मिळून साधारण वीस-चोवीस माणसं सांभाळतात, म्हणजे आठची तीन टेबलं एका जोडीत बसतात. याचा फायदा दुसऱ्या रात्रीपासून दिसतो. आजींना बर्फाशिवाय पाणी लागतं, धाकट्या काकूंच्या ताटात अंडं नको, हे एकाच माणसाला एकदाच सांगायचं. दोन वेगळे वेटर आले की तेच सगळं दोनदा सांगा आणि एकाकडून विसरलं जाणार हे धरून चाला.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ऑर्डर दिल्यावर जागा बदलू नका. वेटर ऑर्डर नावाने लिहीत नाही, खुर्चीच्या क्रमाने लिहितो. आपल्याकडे गप्पांच्या ओघात "तू इकडे ये, मी तिकडे जातो" होतंच, आणि मग जैन ताट मासे खाणाऱ्यापुढे येतं. कुणाला शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर हे नुसतं गमतीचं राहत नाही. मुख्य पदार्थ संपला, प्लेटा उचलल्या, की मग खुशाल जागा बदला आणि गोडाची ऑर्डर नव्या जागेवर द्या. एकत्र जेवल्याचं समाधान याच अर्ध्या तासात मिळतं. एरवी बारा जणांच्या टेबलावरही एका टोकाचं दुसऱ्या टोकाला ऐकू येत नसतं.

आता पाळी. ठरावीक वेळेच्या जेवणाला बहुतेक जहाजांवर दोन पाळ्या असतात: पहिली साडेपाच-सहाच्या सुमाराला, दुसरी आठच्या सुमाराला. तिसरा पर्याय म्हणजे हव्या त्या वेळी जाण्याचा. तो चौघांना उत्तम, चोवीस जणांना वाईट, कारण रोज नव्याने रांग, नवं टेबल आणि नवा वेटर. मोठ्या कुटुंबाने ठरावीक पाळीच घ्यावी. आपल्या घरांत रात्रीची पानं साडेआठ-नऊशिवाय मांडली जात नाहीत, म्हणून बहुतेक जण डोळे झाकून दुसरी पाळी निवडतात. सोबत लहान मुलं किंवा मधुमेहाचे पेशंट असतील तर मी पहिली घ्या म्हणेन. दुसऱ्या पाळीचं मुख्य ताट पुढ्यात यायला पावणेनऊ-नऊ वाजतात. दुपारी साडेबाराला जेवलेल्या, इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाला तेवढं अंतर जड जातं. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काहीही न खाण्यापिण्याचा जैन नियम, पाळणारं कुणी असेल तर प्रश्नच मिटतो: सिंगापूरच्या आसपास सूर्य बाराही महिने सातच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे पहिल्या पाळीत त्यांचं जेवण बहुधा दिवस असतानाच होतं. नाटक-गाण्यांचे कार्यक्रमही पाळ्या बघूनच दोनदा ठेवलेले असतात, त्यामुळे ते चुकण्याची भीती नको.

पाळी ठरते ती बुकिंगच्या वेळी, आणि गडबड तिथेच होते. पुण्याचे दोन भाऊ एका एजंटकडून बुकिंग करतात, दुबईची बहीण वेबसाइटवरून करते, अमेरिकेतला मुलगा शेवटच्या आठवड्यात येतो. कंपनीच्या लेखी ही चार अनोळखी कुटुंबं असतात. प्रत्येक खोलीला वेगळा बुकिंग नंबर असतो. ते सगळे नंबर एका कागदावर घेऊन, बुकिंग एकमेकांना जोडून द्या आणि जेवणाला एकत्र बसवा, असं लेखी कळवावं लागतं. हे काम एकाच माणसाकडे द्या. मग प्रत्येक खोलीच्या कागदावर पाळी एकच छापून आली आहे ना, हे त्याने स्वतः बघायचं. एक खोली दुसऱ्या पाळीत किंवा प्रतीक्षा यादीत राहिलेली असते, आणि ते जहाजावर चढल्यावर कळतं.

तरीही राहिलंच, तर चढल्या दिवशी दुपारी मेन डायनिंग रूमच्या मॅनेजरला भेटा. कुठे आणि किती वाजता भेटेल हे त्या दिवशीच्या पत्रकात किंवा ॲपमध्ये दिलेलं असतं. पोहायला किंवा बुफेला जायच्या आधी हे काम करा, कारण टेबलं बदलून मागणारे तुम्ही एकटे नसता. जाताना एक कागद न्या: खोल्यांचे नंबर, तीन टेबलांवर कोण कोण, शाकाहारी किती, जैन किती, ॲलर्जी कुणाला, उंच खुर्च्या किती, व्हीलचेअर आहे का. व्हीलचेअर असेल तर दाराजवळचं, वाटेच्या कडेचं टेबल मागा. खिडकीजवळची टेबलं बहुधा लहान असतात, त्यांच्या मागे लागू नका. जहाज लागणारं कुणी असेल तर टेबल जहाजाच्या मध्याकडे मिळालेलं बरं. जेवणाचं दालन अनेकदा मागच्या टोकाला असतं आणि तिथे थरथर जास्त जाणवते.

शाकाहाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची चिंता नसते, तिथे प्रश्न फक्त गर्दीचा आणि वेळेचा. सिंगापूरच्या जहाजांनाही भारतीय प्रवासी चांगलेच ठाऊक आहेत, रोज एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतोच. पण तिथे "व्हेजिटेरियन" म्हणजे अंडं चालणारा माणूस. केक, ताजा पास्ता, मेयोनीज यांत अंडं असतं. मूस आणि जेलीसारख्या गोडात जिलेटिन असू शकतं आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. भाज्यांच्या सूपलाही चिकनचं पाणी वापरलेलं असू शकतं. थाई पदार्थात फिश सॉस, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे. म्हणून "आम्ही शाकाहारी" एवढ्यावर थांबू नका. अंडं नाही, मासे नाही, मांसाचं पाणी नाही, जिलेटिन नाही, असं चार भागांत सांगा. जैन असतील तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अशी कंदांची नावं घेऊन सांगा. नुसतं "जैन" म्हटल्यावर प्रत्येक आचाऱ्याला सगळं कळेलच असं नाही.

हे कंपनीला दीड-दोन महिने आधी लेखी कळवा आणि जहाजावर पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. दोन्ही लागतं, कारण लेखी कळवल्याने सामान भरलं जातं आणि सांगितल्याने ताट येतं. पुढची पायरी बहुतेकांना माहीत नसते: हेड वेटरला उद्याचा मेनू आज रात्री मागायचा. ॲलर्जी किंवा पथ्य असणाऱ्यांकडून एक दिवस आधी पदार्थ निवडून घ्यायची पद्धत मोठ्या जहाजांवर रुळलेली आहे. आयत्या वेळी डाळ-भात मागितला तर चाळीस मिनिटं, आदल्या रात्री सांगितला तर सगळ्यांबरोबर. जहाजांवर काम करणाऱ्यांत गोव्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वेटर किंवा हेड वेटर गोंयकार निघाला तर मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगा, वरण म्हणजे काय हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तारखा बघून ठेवा. प्रवासात एकादशी किंवा संकष्टी आली तर साबुदाणा मिळणार नाही. फळं, दूध, दही आणि सांगून ठेवले तर उकडलेले बटाटे मिळतात. घरचे पदार्थ नेऊ देत नाहीत, पण कंपनीच्या पाकिटातला सीलबंद शेंगदाणा लाडू किंवा राजगिरा वडी बहुतेक जहाजांवर चालते. चहाची किटली आणि पाण्यात सोडायचा हीटर नेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात. तीच गोष्ट ज्योतीची. साठी किंवा पंचाहत्तरी साजरी करायला निघाला असाल तर औक्षणाचं निरांजन, उदबत्ती, केकवरची पेटती मेणबत्ती, यांतलं काहीही चालत नाही. समुद्रात आग हा सगळ्यात मोठा धोका असतो. बॅटरीवरचा दिवा आधी विचारून न्यावा, बाकी तबक, कुंकू, अक्षता, सुपारी खुशाल न्या. केक हवा असेल तर निदान दोन दिवस आधी सांगा आणि अंड्याचं तेव्हाच बोला.

सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र करायच्या भानगडीत पडू नका. बुफेत चोवीस जागा एकत्र मिळत नाहीत, आणि पर्स-टोप्या ठेवून अडवल्या तर भांडणं होतात. ज्याने त्याने आपल्या वेळेला खावं. बुफेत शिरताना मात्र सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, मुलांचे स्वतः धुवून द्यायचे. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस निव्वळ सॅनिटायझरने नीट मरत नाही. एकाला लागण झाली तर त्याला खोलीतच थांबायला सांगतात आणि तुमचं टेबल तिथेच मोडतं.

वेळेचा आणखी एक घोळ. फुकेतला उतरलात की फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवतो, ती सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाने घड्याळ बदललं नसेल तर फोनवर साडेचार वाजलेले असताना जेवणाची साडेपाचची पाळी सुरू झालेली असते. जहाजाची वेळ तीच खरी. आजोबांच्या हातावरचं साधं घड्याळ इथे कामाला येतं.

पैशांचं आधी बोलून घ्या. पाणी, साधा चहा-कॉफी भाड्यात धरलेली असते, कोल्ड्रिंक आणि दारू नसते, आणि ज्याचं खोलीचं कार्ड दाखवलं त्याच्या खात्यावर ती लागते. टिप बहुतेक ठिकाणी दरडोई दर दिवशी आपोआप लागते, साधारण 15 ते 20 अमेरिकी डॉलर, मुलांनाही. म्हणजे चोवीस जणांच्या चार रात्रींचा आकडा दीड हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातो. तो बजेटमध्ये आधीच धरा.

शेवटच्या रात्री बॅगा दहा-अकराच्या आत खोलीबाहेर ठेवायच्या असतात. म्हणून बांधाबांध जेवणाआधी उरकून घ्या, नाहीतर गोड यायच्या आत अर्धं टेबल रिकामं होतं. गोळ्या आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. फोटो, आशीर्वाद, मुलांना हातात पैसे देणं, सगळं त्याच टेबलावर करा. सकाळी नाश्ता लवकर बंद होतो आणि बॅगांच्या चिठ्ठ्यांच्या नंबरानुसार प्रत्येक खोली वेगळ्या वेळेला उतरते.