हरणाच्या मांसातलं शिसं

नोव्हेंबर लागला की अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, उत्तरेकडच्या ऑफिसांमधल्या मीटिंगा आपोआप पुढे ढकलल्या जातात. 6 तारखेच्या जवळच्या शनिवारी रायफलने हरीण मारायचा हंगाम सुरू होतो आणि एरवी कधी रजा न घेणारी माणसं भडक नारिंगी जाकिटं चढवून जंगलात गायब होतात. (2017पासून भडक गुलाबीलाही परवानगी आहे. अंगावर घातलेला मात्र मी अजून पाहिलेला नाही.) आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे थेट गुन्हा, त्यामुळे कॉफीच्या रांगेत कोणी हसतहसत ‘काल एक हरीण पाडलं’ म्हणालं की सुरुवातीला माझ्या पोटात कालवायचं. आता सवय झालीय. इथे परवाना लागतो, मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद करावी लागते आणि ते मांस फ्रीझरमध्ये भरून घरोघरी महिनोन्‌महिने खाल्लं जातं. शिकार बरी की वाईट, हा वाद आज नको. इथले शिकारी स्वतः ज्यावरून आपसात भांडतात ते सांगायचंय: गोळी शिशाची असावी की तांब्याची.

दुकानात पाहिलं तर दोन्ही तांब्याच्याच दिसतात. नेहमीच्या गोळीला वरून तांब्याचं पातळ कवच असतं आणि आत शिसं. शिसं जड आणि मऊ, त्यामुळे आदळताच ते फुलतं, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. पण फुलता फुलता त्याचे बारीक कणही उडतात. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने 2008 साली मेंढ्यांच्या मृत शरीरांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्स-रे काढले. झटकन फुलणाऱ्या शिशाच्या गोळीचे सरासरी 140च्या आसपास कण सापडले, काही तर जखमेपासून फूटभर लांब. पूर्ण तांब्याच्या गोळीचे सरासरी दोन. मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच होती. जखम पाण्याने धुतली तर तिथलं शिसं कमी व्हायचं, पण पाण्याबरोबर ते बाकीच्या मांसावर पसरायचं. म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली आपण जे करतो तेच उलटायचं.

त्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने, जो स्वतः शिकारी होता, गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं सीटी स्कॅनच्या यंत्रात घातली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. राज्याने मोफत अन्न वाटणाऱ्या केंद्रांना ते मांस टाकून द्यायला सांगितलं. मग केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेने तिथल्या 738 लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं, पण फार नाही, डेसिलिटरमागे सरासरी 0.3 मायक्रोग्रॅम. ‘बघा, काही होत नाही’ म्हणणारे हाच आकडा पुढे करतात. आकडा खराच आहे, पण तो बहुतांशी मोठ्या माणसांच्या रक्ताचा. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच कोणी सांगत नाही.

माणसांचं हे असं, पक्ष्यांचं त्याहून वाईट. हरीण पडलं की शिकारी ते तिथेच फाडतो, कोथळा जंगलात टाकतो आणि बाकीचं ओढत गाडीपर्यंत आणतो. बर्फावर पडलेला तो कोथळा गरुडांना आयतं जेवण, आणि त्यात शिशाचे कण. गरुडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की शिसं विरघळून रक्तात उतरतं, आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडाही जीव घ्यायला पुरतो. मिनेसोटाच्या राजधानीत, सेंट पॉलला, विद्यापीठाचं शिकारी पक्ष्यांचं इस्पितळ आहे. तिथे दर हिवाळ्यात मान टाकलेले, उडता न येणारे बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, आणले जातात. 2022 साली 38 राज्यांतल्या बाराशेवर गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं मिळालं. कॅलिफोर्नियातली काँडोर ही प्रचंड गिधाडं तर 1982 साली अवघी 22 उरली होती आणि आजही त्यांचा सगळ्यात मोठा मारेकरी शिसंच आहे. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आली, तेव्हा 2006 साली त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. गोष्ट तीच आहे: मेलेलं जनावर, त्यात माणसाने सोडलेलं विष आणि वर ताव मारणारा पक्षी.

मग सगळे तांबं का वापरत नाहीत? त्याचं उत्तर मला शेजारच्या आजोबांनी नेमबाजीच्या मैदानावर दिलं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या रायफलीतून नीट स्थिर जाईलच असं नाही. इथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. गंमत म्हणजे 180 ग्रेनची गोळी भरते बरोबर एक तोळा; सोनाराचा हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे, ब्रिटिशांनी ठरवलेला जुना 11.66 ग्रॅमचा. आजोबा आयुष्यभर हा एक तोळा झाडत आले. तांब्याला आल्यावर त्यांनी 150 ग्रेनवर उतरवलं, कारण तांब्याच्या गोळीला वेग लागतो. वेग असेल तर तिचं तोंड चार पाकळ्यांसारखं उलगडतं आणि गोळी जवळजवळ अख्खीच्या अख्खी आरपार जाते. वेग कमी पडला, म्हणजे फार लांबून झाडली, तर पाकळ्या उमलतच नाहीत आणि जखमी हरीण पळून जातं. शिवाय गोळी बदलली की नेम नव्याने बसवायचा, त्याआधी नळी घासूनपुसून स्वच्छ करायची. या कटकटीपायी पुष्कळ जण एकदा झाडून बघतात, निशाणा चुकला की ‘तांबं फालतू’ म्हणतात आणि जुन्या डब्याकडे वळतात.

पैशाचं कारण मला तितकंसं पटत नाही. तांब्याच्या वीस गोळ्यांना 40 ते 60 डॉलर पडतात, शिशाच्या साध्या गोळ्या बऱ्याच स्वस्त. पण हरणावर अख्ख्या हंगामात झाडायची गोळी एक, फार तर दोन. ज्या माणसाचा पिकअप ट्रक माझ्या घरकर्जाशी स्पर्धा करतो त्याने गोळीमागच्या दोन डॉलरांचं रडगाणं गाऊ नये.

खरं अडतं ते संशयापाशी. आज गोळी काढून घेतील, उद्या बंदूक. कॅलिफोर्नियाने जुलै 2019पासून सगळ्याच शिकारीत शिशाला बंदी घातली, आणि तेव्हापासून इथे ‘आम्हाला कॅलिफोर्निया करणार का?’ हे ठरलेलं वाक्य आहे. ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, जानेवारी 2017मध्ये, केंद्राच्या अभयारण्यांतून शिसं टप्प्याटप्प्याने काढायचा आदेश निघाला. मार्चमध्ये ट्रम्प यांच्या नव्या मंत्र्यांनी पदभार घेतल्या घेतल्या तो रद्द केला. वास्तविक बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991पासून देशभर बंद आहेत आणि बदकं मारणारे मजेत बदकं मारताहेत. ॲरिझोनाने वेगळी वाट धरली: काँडोरांच्या भागात शिकारीला येणाऱ्यांना सरकारतर्फे बिनशिशाच्या गोळ्या फुकट, सक्ती काही नाही. तिथल्या बहुसंख्य शिकाऱ्यांनी आपणहून बदल केला. मिनेसोटाचा स्वभाव बघता इथेही हेच चालेल असं मला वाटतं.

आजोबा तर कोणाच्याच सांगण्याने बदलले नाहीत. गरुडांबद्दल त्यांना पत्रकं वाचून दाखवली होती, त्यावर ते म्हणायचे, ‘गरुड भरपूर आहेत.’ मग नात झाली. ती चमच्याने खाऊ लागली आणि सुनेने फ्रीझरमधल्या खिम्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘यात काय आहे?’ पुढच्या हंगामाला घरात तांबं आलं.

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना हे मांस कोणी ना कोणी प्रेमाने देतंच. घ्या, मसाला आपला घाला, चव सुरेख लागते. फक्त गोळी कसली होती ते विचारा. शिशाची असेल तर खिम्याऐवजी जखमेपासून लांबचा, पाठीचा अख्खा तुकडा मागा, आणि गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर त्यांच्या ताटात तोही नको. विचारल्याचं कोणी मनाला लावून घेत नाही. उलट गोळीचा विषय निघाला की तासभर तुमची सुटका नसते.