नेटार्ट्सच्या खाडीतली चुन्याची निवळी

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या बीव्हरटनहून निघालो तेव्हा ताईच्या मते आम्ही समुद्र बघायला चाललो होतो, भावोजींच्या मते टिलामूकच्या चीज कारखान्यात आइस्क्रीम खायला, आणि मी चालले होते कालवं, म्हणजे ऑयस्टर, बघायला. हे तिघांनीही एकमेकांना नीट सांगितलं नव्हतं. हायवे 6 विल्सन नदीच्या कडेकडेने डोंगर उतरतो. वळणं थेट कशेडीची आठवण करून देणारी, फक्त खड्डे नाहीत आणि दोन्ही बाजूंना फरची काळोखी झाडी. टिलामूक गावात भावोजींनी कारखान्याकडे आशेने पाहिलं. "येताना," मी म्हटलं. ओहोटी कुणासाठी थांबत नाही, हे त्यांना पटलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत.

नेटार्ट्स बे ही ओरेगनच्या किनाऱ्यावरची लांबट, उथळ खाडी. पश्चिमेला वाळूचा लांब दांडा, त्याच्या दक्षिण टोकाला केप लुकआउटचा डोंगर, आणि उत्तरेला समुद्राकडे उघडणारं तोंड. आपल्याकडे खाडी म्हटली की मागे एखादी नदी असतेच. इथे नुसते लहान लहान ओढे. त्यामुळे पाणी जवळजवळ समुद्राइतकंच खारट, आणि म्हणूनच कालवांना मानवणारं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी पार आत गेलं होतं. चिखलावर हिरव्या फितींसारखं समुद्री गवत आडवं पडलेलं. आमच्या आजोळी आजी सुकतीला खडकावरची कालवं फोडायला जायची. इथे खडक नाहीत, जुन्या शिंपल्यांवरच नवी कालवं वाढवतात. रबरी बूट घातलेला एक म्हातारा बादली घेऊन शिंपल्या उकरत होता. त्याने काठावरचा एक जुना शिंपला उचलून माझ्या हातात दिला. त्यावर नखाएवढी तपकिरी बाळं चिकटलेली. मी मोजली, अकरा. कडा इतक्या पातळ की बोटाखाली पापडासारख्या वाटत होत्या. परत ठेवायला गेले आणि माझा डावा बूट चिखलात राहिला, तो भावोजींनी काढून दिला.

ही बाळं येतात कुठून, ते बघायलाच मी आले होते. खाडीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर व्हिस्की क्रीक शेलफिश हॅचरी, म्हणजे कालवांची पैदास करायचं केंद्र, आहे. बाहेरून काहीच विशेष नाही, साध्या शेड आणि खाडीत उतरणारे पाइप. आत जायची आमची काही सोय नव्हती. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक कालवं पिकवणाऱ्यांना बीज, म्हणजे कालवांच्या बारीक अळ्या, इथून जातं, आणि ते बीज 2007-08 मध्ये टाक्यांमध्ये मरून पडायला लागलं. एकेका टाकीत लाखोंनी. आधी संशय गेला व्हिब्रिओ जीवाणूंवर. पाणी गाळलं, स्वच्छ केलं, जीवाणू आटोक्यात आले, तरी अळ्या मरतच राहिल्या.

हॅचरीत काम करणारे अ‍ॅलन बार्टन, आणि ओरेगन स्टेट विद्यापीठातले समुद्ररसायनशास्त्रज्ञ बर्क हेल्स यांनी मग पाण्यातला कार्बन मोजायला घेतला. हेल्स यांनी त्यासाठी जे यंत्र बांधलं त्याला लोक 'बर्कोलेटर' म्हणतात. (शास्त्रज्ञांचा विनोद याच पातळीचा असतो, मी सव्वीस वर्षं स्टाफरूममध्ये ऐकलाय.) उत्तर असं निघालं की उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून वारा सुटला की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. ज्या दिवशी असं पाणी टाकीत आलं, त्या दिवशीची अळी वाचत नव्हती. 2012 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मी शाळेत रसायन शिकवलं, त्यामुळे मला इथे एकदम घरचं वाटलं. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे आपण सगळ्यांनी केलंय. पण फुंकत राहिलं तर? दुधाळपणा जातो आणि निवळी पुन्हा नितळ होते. तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळून जातं. परीक्षेत हा दुसरा भाग कोणी विचारत नसे, म्हणून मीही घाईने पुढे जायची. व्हिस्की क्रीकला हाच दुसरा भाग चालू होता. फरक इतकाच की तयार कवच विरघळून जाणं ही पुढची गोष्ट; इथे अळीला ते घडवतानाच जड जात होतं.

कालवाची अळी जन्मल्यापासून साधारण दोन दिवसांत पहिलं कवच बांधते, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. तोवर तिला धड खाता येत नाही, सगळी शक्ती अंड्यातल्या शिदोरीची. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की कवचाला लागणारं कार्बोनेट कमी होतं, मग कवच बांधायला जास्त शक्ती लागते आणि शिदोरी आधीच संपते. ओरेगन स्टेटच्याच जॉर्ज वॉल्डबसर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हा हिशेब मांडला. म्हणजे समुद्र काही लिंबूपाणी झालेला नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच 8.2 वरून 8.1 च्या आसपास आलाय, अजून अल्कलीच. पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे, एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे एवढ्याशा फरकात हायड्रोजन आयन जवळपास 30 टक्क्यांनी वाढतात. याला 'आम्लीकरण' म्हणतात, पण तो शब्द मला थोडा फसवा वाटतो, लोकांना उगाच बुडबुडे दिसतात.

उपाय मात्र मला फार आवडला. रात्री खाडीतलं गवत आणि शेवाळं श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात वाईट. ऊन आलं की तेच कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. तेव्हा हॅचरीने सकाळी टाक्या भरणं सोडून दुपारी भरायला सुरुवात केली. आमच्याकडे नळाला पाणी येण्याच्या वेळेवर घर चालतं, तसंच. आणि तेही पुरेना तेव्हा पाण्यात सोडियम कार्बोनेट घालायला लागले. धुण्याचा सोडा! ताईच्या लाँड्रीत पडलेला डबा तोच.

टाकीपुरतं ठीक आहे. खाडीत सोडा कोण घालणार? आणि वर येणारं हे खोलातलं पाणी काही दशकांपूर्वी शेवटचं हवेला लागलेलं. म्हणजे मी कॉलेजात असताना हवेत जो कार्बन डायऑक्साइड होता, त्याचा हा परिणाम. नंतर हवेत सोडलेला अजून खालीच फिरतोय. गाडीत हे सांगायला लागले तर ताई म्हणाली, "आता जेवू या का?"

किनाऱ्यावरच्या एका दुकानात डझनभर घेतली. दुकानातल्या बाईंनी सुरी बिजागरीत खुपसून मनगट वळवलं, बस, कालव उघडलं. आजीचं लोखंडी टोक दगडावर तीनदा आपटायचं. भावोजींनी लिंबू पिळलं, एक थेंब शिंपल्याच्या कडेवर सांडला आणि तिथे बारीक फेस आला. मी दाखवायला गेले, तोवर त्यांनी कालव गिळलं होतं. चव थंड, खारट, शेवटी किंचित काकडीसारखी. कच्चं मला झेपलं नाही. उरलेली सहा बर्फात बांधून घेतली, रात्री ओलं खोबरं आणि मालवणी मसाला लावून सुकं केलं. तिरफळं नव्हती, त्यामुळे ते काही तसं झालं नाही.

परतताना दुपारी उत्तरेचा वारा सुटला होता, टोपी हाताने धरावी लागली. चीज कारखान्यासमोर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. भावोजींनी एकदा रांगेकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी हायवे 6 ला लावली.